अंजिरी पातळाचा अर्क

माझे वडील 'दारूच्या कंपनीत' आहेत, असं चिंचवडच्या गावठाणात सगळे म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण गावठाण एवढंसं. पाठीमागचं बोलणं फिरून पुढच्या दारानं घरात यायला फार वेळ लागत नसे. आईला त्याचा संताप यायचा. नळावर एखादी बाई जरा जास्तच गोडीत "आज मालक सरळ घरी आले का हो?" असं विचारायला लागली, की आई कळशी अशी काही आपटायची की त्या बाईचा पुढचा प्रश्न तोंडातच राहायचा. आईचा राग मला मिळालाय. वडिलांचं नाक मात्र मिळालं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, दारूचा थेंब कधी ओठाला लावला नाही. त्यांची कंपनी होती अर्कांची आणि सुगंधांची. पिंपरीच्या बाजूला तेव्हा ज्वारीच्या रानांत कारखाने उठत होते. काल जिथं बैल चरत होते तिथं आज भोंगा वाजायचा. त्यातलाच हा एक लहानसा कारखाना, रेल्वे लाइनीच्या पलीकडे. साखर कारखान्यांकडच्या डिस्टिलऱ्यांतून तिथं स्पिरिट यायचं. साधं नव्हे, पुन्हा पुन्हा गाळून, उकळून शुद्ध केलेलं. सरकारी कागदांत त्याला मद्यार्क म्हणत आणि त्या एका शब्दानंच आमची गावात शोभा झाली होती.

दारूबंदीचा काळ. त्यामुळे स्पिरिटच्या कोठीला दोन कुलपं असायची. एकाची किल्ली कंपनीकडे, दुसऱ्याची दारूबंदी खात्याच्या इन्स्पेक्टरकडे. ते साहेब कारखान्यातच एका खोलीत बसायचे आणि त्यांच्यासमोर मोजल्याशिवाय एक चमचाभरसुद्धा बाहेर पडायचं नाही. सुटताना दारावर झडती. आप्पा म्हणायचे की मंत्र्यांना नसेल एवढा बंदोबस्त आमच्या टाकीला आहे.

सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की ते आम्हाला या स्पिरिटच्या गोष्टी सांगत. दुसऱ्यांचे वडील रामायण सांगायचे, आमचे स्पिरिट. खोकल्याच्या औषधात तेच, टिंक्चरमध्ये तेच, अत्तरात तेच. जत्रेत जी लालभडक रासबेरी आपण पितो तिच्या इसेन्समध्येही तेच. छापखान्याच्या शाईत, लाकडाच्या पॉलिशमध्ये, कंपन्यांत बारीक यंत्रं पुसायला, कॉलेजात बेडूक बुडवून ठेवायला. पॉलिशसाठी जायचं त्यात घाणेरड्या वासाचं काहीतरी मुद्दाम मिसळायचे, कुणी पिऊ नये म्हणून. पण औषधाला आणि सुगंधाला जायचं ते अगदी निर्मळ लागायचं. त्याला रंग नको, चव नको, वास नको. "चांगल्या स्पिरिटला स्वतःचं काही नसतं," आप्पा सांगायचे. "म्हणून तर ते दुसऱ्याचं सगळं घेतं." गुलाब घाला, गुलाब घेतं. वाळा घाला, वाळा घेतं. वेलदोडा, संत्र्याची साल, काहीही. भिजत घालायचं, झाकण घट्ट लावायचं, मग गाळून घ्यायचं. साल राहते चोथा होऊन, आणि वास बाटलीत कायमचा. हा त्यांचा धंदा होता आणि यावर त्यांचा देवासारखा विश्वास होता.

आप्पा फक्त मॅट्रिक. मदतनीस म्हणून लागले होते. पण आलेलं स्पिरिट खरंच निर्मळ आहे का हे बघायला यंत्रापेक्षा नाक लागतं, आणि नाक आप्पांचं. ग्लासात थोडं स्पिरिट, त्यात तेवढंच पाणी, वर तळहाताचं झाकण. मग हात काढून एकदाच दीर्घ श्वास. उसाच्या मळीचा पुसटसा जरी वास आला तरी ते मान हलवायचे आणि सगळा टँकर परत. या नाकापायी आमच्या घराला बरेच नियम होते. सकाळी ते निघेपर्यंत कांदा-लसणाची फोडणी नाही. उदबत्ती नाही. आमचे मामा चाकणच्या बाजारातून पोतंभर कांदे पाठवायचे, ते पोतं घरात न येता मागच्या छपरात जायचं. आई वैतागायची, पण गावात मात्र नवऱ्याच्या नाकाचं कौतुक सांगत फिरायची. पुऱ्या पिंपरीत यांच्यासारखं नाक नाही, असं ती म्हणायची. जणू तिनंच ते घडवून त्यांना बसवलं होतं.

ती गेली तेव्हा मी पाचवीत होते आणि माझा भाऊ जेमतेम बोलायला लागला होता. तापाचं निमित्त झालं. साधा ताप म्हणून घरीच काढा घेतला, मग डॉक्टर, मग पुण्याचं हॉस्पिटल, आणि तिथून ती आली ती चादरीत गुंडाळून. यावर मी जास्त लिहिणार नाही. इतकी वर्षं झाली तरी मला त्यावर लिहिता येत नाही.

आप्पांची थोरली बहीण, आमची आत्या, मावळातल्या गावाहून आली आणि राहिली. ती विधवा होती, मुलगा कर्ता होता, त्यामुळे तिला येता आलं. तेराव्यानंतर रीतीप्रमाणे आईचे कपडे तिनं वाटून टाकले. एकच पातळ राहिलं. अंजिरी रंगाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं रोजच्या वापरातलं. ते राहिलं याचं कारण एवढंच की कपडे काढले त्या दुपारी भाऊ ते अंगाभोवती गुंडाळून झोपला होता आणि त्याच्या अंगाखालून ते ओढून घ्यायला कुणाचा हात धजला नाही.

मग ते पातळ त्याचंच झालं. जाईल तिथं तो ते फरपटत न्यायचा. जेवताना मांडीवर, खेळताना गळ्यात. झोपायच्या वेळी त्याचा बोळा करून त्यात तोंड खुपसायचा आणि दोन-चार मोठे श्वास घेतले की शांत. ते हाताशी नसलं तर असा टाहो फोडायचा की शेजारी भिंत वाजवायचे. मला तेव्हा मोठी बहीण म्हणून फार शहाण्यासारखं वागावं लागायचं. पण तो झोपला की मीही हळूच त्या पातळाचं एक टोक नाकाशी धरायची. आईचा वास होता त्याला. कसला म्हणून सांगू? तेव्हा सांगता आला असता, पण तेव्हा कुणी विचारलं नाही. आप्पाही कामावरून आले की भावाला उचलून घ्यायच्या निमित्तानं त्या पातळाशी वाकायचे. घरात तिघांनाही ठाऊक होतं की तिघंही तेच करतोय, आणि कुणी बोलत नव्हतं.

तर तो दसरा जवळ आला. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढायचा रिवाज. गोधड्या, चादरी, बसकरं, कापडाची चिंधीसुद्धा सोडायची नाही. सगळ्या गावच्या बायका पवनेच्या घाटावर असायच्या आणि नदीकाठचे दगड गोधड्यांनी झाकून जायचे. त्यात घरात मृत्यू झालेला, म्हणजे तर काहीच न धुता ठेवून चालणार नव्हतं. आत्यानं सगळं बांधलं आणि शेवटी भावाच्या हातातल्या त्या पातळाकडे वळली. त्यावर आमटी सांडलेली, दूध सांडलेलं, लाळ वाळलेली. खरं सांगायचं तर ते कुबट झालं होतं. पण ती ओढतेय आणि भाऊ किंचाळतोय, असं दृश्य आप्पांनी दारात सायकल लावताना पाहिलं.

त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. आत्या संतापली. तिचंही बरोबर होतं. "आरं, घट बसायचं हायेत आन् घरात आसलं ठिवायचं? लोकं काय म्हनतील मला? मेलेल्या बाईचं पाताळ न्हाई धुतलं म्हनतील." आप्पांनी पातळ आपल्या खांद्यावर टाकलं. मग म्हणाले की दोन दिवस थांब. आधी त्यातला वास काढून घेतो, मग खुशाल नदीवर ने.

आत्याला ते कळलंच नाही. मला मात्र कळलं, आणि मला इतका आनंद झाला की मी भावाला कडेवर घेऊन नाचले. गुलाबाचा निघतो, वाळ्याचा निघतो, मग आईचा का नाही निघणार? पातळ आज ना उद्या धुवावं लागणारच होतं. बाटली धुवावी लागत नाही. आम्हाला आई कायमची बाटलीत मिळणार होती. आप्पांनी ते पातळ स्वच्छ कागदात गुंडाळलं, डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेले. त्या दोन दिवसांत भाऊ रडून रडून निळा पडला. मी त्याला सांगत होते की थांब, आई आणायला गेलेत आप्पा. हे वाक्य मी बोलायला नको होतं, पण लहान होते.

कारखान्यात काय झालं ते आप्पांनी पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. प्रश्न स्पिरिटचा होता. सांगितल्याशिवाय घ्यायचं तर चोरी, आणि चोरी त्यांच्या स्वभावात नव्हती. म्हणून ते सरळ इन्स्पेक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. हा माणूस असा की एकदा एका कामगाराचं बोट कापलं तेव्हा जखम धुवायलासुद्धा कागद पुरा झाल्याशिवाय त्यानं स्पिरिट दिलं नव्हतं. कारखाना त्याच्या नावानं बोटं मोडायचा. त्यानं विचारलं, कशाला हवंय. आप्पांनी खरं ते सांगितलं. साहेबांनी कागदात गुंडाळलेलं ते पातळ बघितलं आणि उठून आपलं कुलूप काढलं. स्पिरिट कितीही जपलं तरी थोडं उडतंच, आणि तेवढी तूट सरकार धरूनच चालतं. "उडालेल्यात धरू," एवढंच म्हणाले आणि दारावरच्या झडतीवाल्यालाही त्यांनी सांगून ठेवलं. आप्पांनी सगळ्यात निर्मळ स्पिरिट निवडलं, ज्याला स्वतःचा तसूभर वास नाही असं. मिसळेल तर फक्त तिचाच वास मिसळावा म्हणून.

कारखान्यातल्या एकानं त्यांना सुचवलं होतं की आधी एखादा तुकडा कापून बघा. आप्पांना पातळाला कात्री लावायची कल्पनाच सहन झाली नाही. शिवाय तुकड्यात वास तो किती येणार. सबंध पातळ त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत दाबून बसवलं आणि वरून स्पिरिट ओतलं. ओतता ओतताच ते अंजिरी व्हायला लागलं. ओतायचं थांबवून आपण बरणी उजेडात धरून बघितली, असं ते सांगत. पण अर्क काढताना रंगही उतरतोच, म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

पातळ रात्रभर बरणीत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा अर्क घेऊन घरी आले. त्यांच्या एका हातात औषधाची तपकिरी बाटली होती आणि दुसऱ्या हातात पातळ. पातळ वाळलेलं, हलकं झालेलं. त्याचा अंजिरी रंग जाऊन कसलातरी मळकट गुलाबी झाला होता. आत्या चुलीपुढून उठून आली. भाऊ धावत आला, पातळ हिसकावून घेतलं, बोळा केला, तोंड खुपसलं. आणि थांबला. त्यानं ते दुसऱ्या टोकानं नाकाला लावून पाहिलं. मग जमिनीवर ठेवलं. फेकलं नाही, नुसतं ठेवलं. तो रडलाही नाही. त्या पोराचं ते न रडणं माझ्या अजून डोळ्यांपुढून जात नाही. तो आत्याकडे गेला, तिचा पदर ओढून त्यात डोकं घातलं आणि तिथंच उभ्या उभ्या डुलक्या घ्यायला लागला.

आप्पांनी घाईघाईनं बाटलीचं बूच काढलं. एक थेंब मनगटावर घेतला, चोळला, स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबले आणि नाकाशी नेलं. पुन्हा थेंब घेतला. मग दुसऱ्या हातावर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसाला अख्ख्या टँकरमधली चिमूटभर मळी कळायची, तो आपल्याच मनगटावर काहीतरी शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. त्यांनी हात माझ्यापुढे केला. म्हणाले, "बघ बरं, येतोय का?"

मी वास घेतला. रंगाचा वास होता. आंबलेल्या दुधाचा होता. रॉकेलचा होता, स्टोव्हच्या. कापडावर जे जे सांडलं होतं आणि जे जे त्याला लागलं होतं ते सगळं त्या निर्मळ स्पिरिटनं इमानानं घेतलं होतं. आई नव्हती त्यात. असली तर एवढी थोडी, की या सगळ्याखाली दबून गेली होती किंवा स्पिरिटबरोबर कधीच उडून गेली होती.

मी वर बघितलं. आप्पांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता, स्मशानातून परत आले त्या दिवशीही नाही. मी म्हणाले, "येतोय."

"आईचा?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले की मला मेल्याला नुसता रंगच येतोय; दिवसभर कारखान्यात वास घेऊन घेऊन नाक बसलंय. तुला येतोय ना, मग झालं. आणि त्यांनी बूच घट्ट लावून बाटली देवाच्या फळीवर ठेवली.

पातळ आत्यानं धुतलं नाही. धुवायला त्यात काही राहिलंच नव्हतं. तिनं त्याची घडी करून ट्रंकेत टाकली आणि त्या रात्री ती जेवली नाही. नंतर एकदा मला म्हणाली, "मी हट्ट सोडला बी आसता गं. त्यो दोन येळा नको म्हनला आसता तर सोडला आसता." मला वाटतं, आप्पांनाही ते नंतर सुचलं असणार. एका दसऱ्याला एक पातळ न धुता राहिलं असतं तर गाव चार दिवस बोललं असतं आणि विसरलं असतं. ते पातळ आणखी वर्षभर तरी पुरलं असतं. हळूहळू वास कमी झाला असता आणि आम्हाला कळलंही नसतं कधी संपला ते. आपोआप संपणं आणि आपण हातानं संपवणं यात फार फरक आहे. आप्पांनी प्रेमानंच केलं, शिकलेली सगळी कला पणाला लावून केलं, आणि म्हणूनच त्याचं इतकं वाईट वाटतं.

पुढं दर सुट्टीच्या दिवशी आंघोळी झाल्या की आप्पा बाटली काढायचे. एक थेंब भावाच्या उशीवर, एक माझ्या. मग आपल्या मनगटावर. आणि माझ्याकडे बघून विचारायचे, आणि मी हो म्हणायची. भावाला काहीच कळत नव्हतं. तो उशी घेऊन पळून जायचा. मला वाटायचं, आप्पांना सगळं समजतंय. एवढं नाक असलेल्या माणसाला कसं नाही समजणार? ते माझं मन राखतायत आणि मी त्यांचं, असा आमचा एक खेळ आहे, असंच मी धरून चालले होते. त्या खेळात मला एक प्रकारचं समाधानही होतं. मग मी मोठी झाले, माझी शाळा-अभ्यास वाढला, आणि तो रिवाज कधी थांबला ते लक्षात राहिलं नाही. बूच सुकलं आणि बाटलीतलं होतं नव्हतं तेही उडून तळाला लाल खरकटं तेवढं राहिलं. आप्पांनी बाटली टाकली नाही.

आत्या भाऊ शाळेत जायला लागेपर्यंत राहिली. तोपर्यंत तो तिच्या पदराशिवाय झोपत नव्हता. मग तिच्या मुलाचा संसार वाढला आणि ती गावी परत गेली. जाताना एस.टी.च्या खिडकीतून तिनं भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. त्यानंतर ती फार जगली नाही. आम्ही तिला बघायला पोचलो तेव्हा ती गेलेली होती.

माझं लग्न झालं, मी थेरगावला गेले. म्हटलं तर नदीच्या पलीकडे. आप्पांच्या कारखान्याच्या आसपास इतक्या कंपन्या झाल्या की त्यांचा कारखाना त्यात शोधावा लागायचा. स्पिरिट तपासायला परदेशी यंत्र आलं. ते कागदावर रेघ काढायचं आणि त्या रेघेवरून सगळं कळायचं. आप्पांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. यंत्राला सर्दी होत नाही, असं म्हणून ते हसायचे. ते रिटायर झाले आणि आमच्या जुन्याच घरात, ओट्यावर बसून राहायला लागले. दारूच्या कंपनीतले म्हणणारे लोक तोपर्यंत म्हातारे होऊन त्यांच्या शेजारी येऊन बसायचे.

ऐंशी सालानंतर कधीतरी भावाचं लग्न ठरलं. तो एका इंजिनिअरिंग कंपनीत लागला होता. ओव्हरटाइम करून करून त्यानं घराला फरशी घातली होती. मी तयारीसाठी माहेरी आले होते. दुपारची जेवणं झाली होती. मी डाळ निवडत होते, आप्पा भिंतीला टेकून बसले होते, आणि भाऊ बराच वेळ उगाच इकडून तिकडे करत होता. शेवटी तो आप्पांसमोर खाली बसला. म्हणाला की तिनं, म्हणजे होणाऱ्या बायकोनं, विचारलं की तुम्हाला आईचं काय आठवतं, आणि मला काहीच सांगता आलं नाही. चेहरा फोटोत आहे, पण तो फोटोतलाच. आवाज नाही, बोलणं नाही. आणि मग त्यानं विचारलं, "आप्पा, तुम्ही ती बाटली माझ्या उशीला लावायचा ना? तो वास कसा होता?"

माझा हात सुपात थांबला. मला वाटलं, आप्पा आता काहीतरी सांगतील. जगातला कुठलाही वास ते सोलून सोलून सांगू शकत होते, यात एवढा वेलदोडा, एवढा लवंगेचा तिखटपणा, तळाशी लाकूड. पण त्यांनी फक्त आपलं मनगट उलटं करून पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला नाही रे कधी आला तो. एकदाही नाही. ताईला विचार. तिला यायचा."

त्यांनी माझं मन राखलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या सगळ्या सुट्ट्यांच्या दिवशी मनगट नाकाशी धरून ते बसायचे तेव्हा त्यांना खरोखर वाटत होतं की आपल्याला नाही तरी पोरीला तिची आई मिळतेय. आणि त्यावर ते समाधानी होते. खेळ माझा एकटीचाच होता.

भाऊ माझ्याकडे वळला होता. तो इतक्या आशेनं बघत होता की खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. आणि खोटं सांगावं असंही मला वाटलं नाही. म्हणून मी डोळे मिटले आणि खरोखरच शोधायला लागले. बाटलीतला नव्हे, त्याआधीचा, पातळाच्या टोकाचा. आणि आला. मला स्वतःला विश्वास बसेना. मी सांगायला लागले. धुराचा होता, म्हटलं, चुलीच्या. त्यात ओवा भाजल्यासारखा. आणि त्याच्याखाली एक गोडसर, जरा करपलेला, नाकात थोडा झोंबणारा. पण झोंबला तरी हवासा वाटणारा. मी भराभर सांगत होते, मला रडू येत होतं, इतक्या वर्षांनी ती मला सापडली म्हणून.

आणि बोलता बोलताच मला कळलं की हा मिश्रीचा वास आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा. आईनं जन्मात कधी मिश्री लावली नाही. आईचा स्वयंपाकही स्टोव्हवर असायचा. घरात चूल मांडली ती आत्यानं. मिश्री लावायची आत्या.

मी डोळे उघडले. आप्पा माझ्याकडेच बघत होते. नुसत्या वर्णनावरूनही त्यांचं नाक चुकणं शक्य नव्हतं. हा वास तर त्यांच्या स्वतःच्या बहिणीचा, लहानपणापासूनचा. म्हणजे त्यांना आता समजलं होतं. मला आई त्या बाटलीत कधीच आली नव्हती, आणि बाटलीबाहेरही ती माझ्याजवळ उरलेली नव्हती. जो एक विश्वास धरून ते इतकी वर्षं जगले तो मी त्यांच्या डोळ्यांदेखत काढून घेतला होता. डाळीचं सूप मी पुन्हा पुढं ओढलं.

"बरोबर सांगतेय ती," आप्पा भावाला म्हणाले. "अगदी तसाच होता."

भावाचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे मला आठवतोय की, आप्पा," तो म्हणाला. "धुराचा आणि तो करपल्यासारखा. खरंच आठवतोय. मी तिच्या पदरात डोकं घालून झोपायचो ना?"

आप्पांनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले.